नव्याण्णव

काही महिन्यांपूर्वी राजूरमध्ये आमच्या मोहल्ल्यातल्या एका बैठकीत मी एक आकडा सांगितला होता. बैठक मुलींच्या शिक्षणावर होती. मी म्हणालो, "आपल्या मुली लवकर शाळा सोडतात असं सगळे म्हणतात. पण मी तीन गावांत घरोघर फिरून माहिती घेतली आहे. आपल्या मुलींचं शाळा सोडण्याचं सरासरी वय शेजारच्या मोहल्ल्यांपेक्षा जास्त निघालंय." लोकांना बरं वाटलं. दोन-तीन बुजुर्गांनी पाठ थोपटली. एकजण म्हणाले, "मास्तर, ये बात पेपर में आना चाहिये."

तो आकडा चुकीचा होता. तो चुकीचा आहे हे मला कोणी सांगितलं नाही, माझं मलाच कळलं, आणि तेही एक संगणकाची भाषा शिकायला बसलो म्हणून. त्या भाषेचं नाव 'आर'. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, कोडिंगचा क सुद्धा माहीत नसताना मी ती कशी शिकलो आणि तिने मला काय दाखवलं, ते आज लिहितो आहे.

माझा विषय समाजशास्त्र. गणिताशी दहावीनंतर संबंध संपला तो संपलाच. पीएच.डी.साठी राजूर आणि आसपासच्या तीन गावांतल्या मुलींच्या शाळागळतीवर काम करायचं ठरवलं तेव्हा वाटलं होतं की फॉर्म भरून घ्यायचे, मग कोणाकडून तरी 'डेटा ॲनालिसिस' करून घ्यायचं. शहरात अशी कामं करून देणारे असतात. आपण फॉर्मचा गठ्ठा किंवा एक्सेलची फाइल द्यायची, आठवड्याने तक्ते, टक्केवारी, रंगीत आलेख घेऊन यायचे. प्रत्येक तक्त्यामागे पैसे. मीही तेच केलं. तक्ते आले, देखणे होते. मी ते प्रकरणात चिकटवले आणि त्यातलाच एक आकडा बैठकीत सांगितला.

अडचण आली ती माझ्या मार्गदर्शक सरांच्या एका साध्या प्रश्नाने. ते म्हणाले, "आईच्या शिक्षणानुसार हा तक्ता वेगळा करून आणा." मी त्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, नवीन तक्ता, नवीन पैसे. तेही चाललं असतं. पण मी विचारलं, "आधीचं सरासरी वय कसं काढलंत?" तर उत्तर आलं, "सर, सॉफ्टवेअरने काढलं." पुढे त्यालाही काही सांगता येईना आणि मलाही काही विचारता येईना. त्या रात्री पहिल्यांदा लाज वाटली. गावोगाव फिरलो मी, लोकांच्या ओसरीवर बसून चहा प्यालो मी, आणि त्यांनी सांगितलेल्या गोष्टींचं पुढे काय झालं हे मला ठाऊक नव्हतं.

समाजशास्त्राच्या विभागांमध्ये एसपीएसएस नावाचं सॉफ्टवेअर प्रसिद्ध आहे. १९६८ सालापासून ते आहे, आज आयबीएम कंपनीकडे आहे. त्यात खिडक्या उघडून, बटणं दाबून काम होतं. पण ते विकत घेणं माझ्या पगाराच्या आवाक्यातलं नाही, आणि चोरीची प्रत वापरून मुलींच्या हक्कांवर प्रबंध लिहिणं मनाला पटेना. माझी भाची जालन्याला बी.एस्सी. करते. तिने सांगितलं, "मामू, आर शिको. फुकट है."

आर खरोखरच फुकट आहे. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोन प्राध्यापकांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी तयार केली. दोघांच्याही नावाचं पहिलं अक्षर आर. शिवाय त्याआधी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जॉन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी 'एस' नावाची भाषा केली होती, तिच्या नावाशीही हा खेळ आहे. १९९५ साली या दोघांनी आपलं काम सगळ्यांसाठी मोकळं केलं. कोणीही घ्यावं, वापरावं, आत काय आहे ते उघडून पाहावं, सुधारावं. पहिली पक्की आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी आली. तेव्हापासून जगभरचे संख्याशास्त्रज्ञ तिच्यात भर घालत आले आहेत.

हे सगळं वाचून मी उत्साहाने ती जुन्या लॅपटॉपवर उतरवून घेतली. राजूरला मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे काम म्हणजे सबर. त्यात दुसऱ्या दिवशी अंगारकी चतुर्थी होती. आमचं राजूर गणपतीचं गाव, अंगारकीला जालना-भोकरदन रस्ता माणसांनी भरून जातो आणि नेटवर्कही त्या गर्दीत हरवतं. मी पहाटे फजरच्या नमाजनंतर उठून उरलेलं उतरवलं.

उघडल्यावर समोर कोरी खिडकी. डाव्या कोपऱ्यात एक बाणासारखं चिन्ह, त्याच्यापुढे लुकलुकणारी रेघ. ना बटण, ना मेनू. जणू कोणी विचारतंय, बोला, काय काम काढलंत? आणि आपल्याला बोलायची भाषाच येत नाही. मी दोन अधिक दोन लिहिलं. चार आले. हसू नका, पण मला तेव्हा बरं वाटलं.

पुढचे पंधरा दिवस चुकांचे होते. त्या इथे सांगतो, कारण नव्याने शिकणारा प्रत्येकजण याच खड्ड्यांत पडतो आणि त्याला वाटतं की आपलंच डोकं चालत नाही.

पहिली चूक, कंस. एक कंस उघडला आणि बंद करायचा राहिला की बाणाच्या जागी अधिकचं चिन्ह येतं आणि मग काहीही लिहा, पुन्हा अधिकच येत राहतं. मला वाटलं लॅपटॉप बिघडला. भाचीने फोनवर सांगितलं, "मामू, ब्रॅकेट बंद नै किया तुमने. एस्केप दबाव." ते अधिकचं चिन्ह एवढंच सांगत होतं की तुमचं वाक्य अर्धवट आहे, पुढचं ऐकतोय.

दुसरी चूक, लहान आणि मोठी इंग्रजी अक्षरं. आपल्या लिपीत हा भेदच नाही. आरला मात्र 'एज' हा शब्द मोठ्या ए ने लिहिला तर एक वस्तू आणि लहान ए ने लिहिला तर दुसरी. 'ऑब्जेक्ट नॉट फाउंड' हा निरोप मी इतक्यांदा पाहिला की अम्मीलाही पाठ झाला.

तिसरी चूक आपल्या मराठी लोकांची खास. मला फॉर्म भरून संगणकात चढवायला एका मुलाने मदत केली होती. त्याने काही गावांची माहिती मराठी कीबोर्डवर भरली. वयाच्या रकान्यात १४, १५ असे आपले देवनागरी अंक. डोळ्यांना ते आकडेच दिसतात, आरला ते आकडे वाटत नाहीत. ती सगळा रकाना अक्षरं समजून बसली, आणि सरासरी विचारली तर म्हणाली, हे संख्या नाहीत. मी जबरदस्तीने संख्या करायला सांगितलं, तर मराठी अंक होते तिथे तिने 'एन ए' लिहून टाकलं आणि खाली सूचना दिली की मी असं असं केलं आहे. सगळे अंक इंग्रजी करून घेतले तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली.

चौथी, गावांची नावं. मी विचारलं, माझ्या फाइलमध्ये गावं किती? उत्तर आलं, अकरा. मी तर चारच गावांत फिरलो होतो, राजूर आणि तीन शेजारची. पाहतो तर 'राजूर', 'राजुर', 'राजूर गणपती', आणि एक असं 'राजूर' ज्याच्या शेवटी एक न दिसणारी मोकळी जागा होती. माणसाला चारही एकच, संगणकाला चार गावं. जिल्ह्याचं तर आणखी वेगळं. २०११ च्या जनगणनेत शेजारचा जिल्हा औरंगाबाद, आणि २०२३ नंतरच्या कागदांवर छत्रपती संभाजीनगर. दोन्ही कागद जोडायचे तर ही नावं आधी एकच आहेत हे तुम्हाला सांगावं लागतं. यंत्राला इतिहास ठाऊक नसतो.

या सगळ्यात एक दिवस अब्बा जवळ येऊन बसले. अब्बा शिंपी. पन्नास वर्षं राजूरच्या बाजारात मशीन चालवलं, आता डोळ्यांनी साथ सोडली म्हणून घरी असतात. म्हणाले, "रात-रातभर क्या देखता रे तू इसमें?" मी त्यांना पडद्यावरचा तक्ता दाखवला. आडव्या ओळीत एकेक मुलगी, उभ्या रकान्यात वय, इयत्ता, शाळेचं अंतर, आईचं शिक्षण. आरमध्ये याला 'डेटा फ्रेम' म्हणतात. अब्बांनी चष्मा सावरला आणि म्हणाले, "ये तो माप की बही है."

खरंच होतं ते. अब्बांच्या दुकानातली लांबट लाल वही मी लहानपणापासून पाहिली होती. एका ओळीत एक गिऱ्हाईक. पुढे छाती, कंबर, शोल्डर, बाही, मुंढा, उंची. कापूस विकला की लोक कपडे शिवायला यायचे, ईद आणि दिवाळीला तर वहीची पानं पुरत नसत. डेटा फ्रेम काय असते हे मला पुस्तकातून आठवडाभर कळलं नव्हतं, अब्बांच्या एका वाक्याने कळलं. ओळ म्हणजे माणूस, रकाना म्हणजे माप. सगळी मापं एकाच टेपने घेतलेली हवीत. इंचाच्या रकान्यात सेंटिमीटर चालत नाही.

दुसऱ्या दिवशी मी ती वही माळ्यावरून काढली. चाळताना दिसलं की काही ओळींत एखाद्या रकान्यात आडवी रेघ आहे. मी अब्बांना विचारलं. ते म्हणाले, गिऱ्हाईक नुसतं पायजम्याचं माप देऊन गेलं, तर छातीच्या जागी रेघ. "अंदाज से नै लिखने का. कल को कोई वो आंकड़ा देख के कपड़ा काट देगा."

ही रेघ म्हणजे आरमधलं 'एन ए'. माहिती उपलब्ध नाही. शून्य नाही, रिकामं नाही, तर 'माप घेतलेलं नाही'. आणि आरचा एक स्वभाव आहे जो सुरुवातीला फार चिडवतो. शंभर आकड्यांत एक जरी एन ए असेल आणि तुम्ही सरासरी विचारली, तर ती सरासरी सांगत नाही, उत्तरही एन ए देते. तिचं म्हणणं असं की एक माप मला ठाऊक नाही, मग सगळ्यांची सरासरी मी कशी सांगू? हवं असेल तर तुम्ही स्पष्ट लिहून सांगा की न घेतलेली मापं सोडून दे. सोडायची जबाबदारी तुमची. एक्सेल असं विचारत नाही, ते रिकाम्या चौकटी मुकाट ओलांडून पुढे जातं.

मग मी आधीच्या माणसाला दिलेली तीच मूळ फाइल आरमध्ये घेतली आणि 'समरी' ही आज्ञा दिली. या आज्ञेने रकान्याचे सहा आकडे मिळतात. सर्वांत लहान, पहिला चतुर्थक, मध्यक, सरासरी, तिसरा चतुर्थक, सर्वांत मोठा. शाळा सोडतानाचं वय या रकान्यात सर्वांत मोठा आकडा आला ९९.

नव्याण्णव वर्षांची मुलगी शाळा सोडत होती.

मी काही वेळ नुसता बसून राहिलो. कारण ते ९९ मीच फॉर्मवर लिहिलं होतं. 'माहीत नसल्यास ९९ लिहावे' ही सूचना माझीच. सर्वेक्षणात असे संकेत वापरण्याची जुनी पद्धत आहे. पण तो संकेत आहे हे मी त्या माणसाला सांगितलं नव्हतं, त्याने विचारलं नव्हतं, आणि सॉफ्टवेअरला दोघांचंही देणंघेणं नव्हतं. त्याने नव्याण्णव हे वय धरून बेरीज केली.

याने किती फरक पडतो? समजा वीस मुली आहेत आणि सगळ्यांनी पंधराव्या वर्षी शाळा सोडली. सरासरी पंधरा. आता त्यातल्या एकीचं वय माहीत नाही म्हणून ९९ लिहिलं. सरासरी होते १९.२. दोघींचं माहीत नसेल तर २३.४. मध्यक मात्र दोन्ही वेळा पंधराच राहतो, म्हणून समरीमध्ये मध्यक आणि सरासरी यांच्यात मोठं अंतर दिसलं की थांबून पाहायचं, हे मी तेव्हा शिकलो. शेकडो फॉर्ममध्ये थोडेसेच ९९ असतील तर सरासरी फक्त वर्षा-दोन वर्षांनी वाढते, आणि ती खरीच वाटते. अशी चूक पकडली जात नाही. चूक वेडीवाकडी असती तर मीही हसून सोडून दिली असती. ती मला हवीहवीशी होती, म्हणून मी ती बैठकीत सांगितली.

पुढचा प्रश्न जास्त त्रासदायक होता. ९९ आमच्याच मोहल्ल्यात जास्त का? आरमध्ये ते मोजायला एक ओळ लागते. मोजलं, आणि उत्तर माझ्या फिरण्याच्या पद्धतीत निघालं. इतर वस्त्यांत मी दिवसा गेलो होतो, सोबत जिल्हा परिषद शाळेतल्या एक बाई होत्या, त्यामुळे घरातल्या आयांशी बोलणं झालं. आपल्या वस्तीत मला कोणाची गरज वाटली नाही. आपलीच माणसं. मगरीबनंतर जायचं, पुरुषांत बसायचं, फॉर्म भरायचा. आणि बापाला विचारलं, "लड़की ने स्कूल कौनसी उमर में छोड़ा?" तर बाप आत पाहायचा, मग म्हणायचा, "अब याद नै मास्तर." मी ९९ लिहायचो.

म्हणजे ज्या आकड्याने मी सांगत होतो की आपल्या मुली जास्त शिकतात, तो आकडा खरं तर हे सांगत होता की आपल्या बापांना मुलीने शाळा कधी सोडली ते आठवत नाही. मी ऐकून घेण्याऐवजी त्याला वय धरून मोकळा झालो होतो.

९९ च्या जागी एन ए लिहिलं, तेव्हा चित्र उलटं झालं. आपल्या मुली शेजारच्या मुलींपेक्षा आधीच शाळा सोडत होत्या. बायकोला सोबत घेऊन त्या सगळ्या घरी पुन्हा गेलो. या वेळी ती आत बसली, मी ओसरीवर. आयांना सगळं आठवत होतं. कोणी म्हणालं, धाकट्याच्या सुंतेच्या वर्षी. कोणी म्हणालं, कपाशीला बोंडअळी लागली त्या साली फी भरता आली नाही. एकही ९९ उरला नाही. चित्र तेच राहिलं.

खरं सांगायचं तर दोन दिवस मनात आलं की हे राहू द्यावं. प्रबंधातला तक्ता दुरुस्त करू, बैठकीतलं बोलणं कोण लक्षात ठेवतंय? आपल्याविषयी वाईट आकडे सांगणारे आधीच थोडे आहेत का? आपल्या समाजाला आकड्यांचा एक जुना चटका आहे. २००६ साली सच्चर समितीचा अहवाल आला, २०१३ मध्ये महाराष्ट्रात मेहमूदुर रहमान समितीचा आला. शिक्षण, नोकऱ्या, कर्ज, प्रत्येक रकान्यात आपण कुठे आहोत ते त्यात लिहिलं आहे. ते अहवाल आपण भाषणात वापरतो. दुसरीकडे मोबाइलवर रोज कोणीतरी लोकसंख्येचे भीती घालणारे आकडे पाठवतं. त्यांना उत्तर म्हणून आपल्याकडचेही आकडे फिरतात, तेही तपासलेले नसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वच्छ लिहिलेलं आहे की १९९२-९३ मध्ये मुस्लिम स्त्रीमागे ४.४ मुलं असा जननदर होता, तो २०१९-२१ मध्ये जवळपास २.४ वर आला. हिंदू स्त्रियांचा त्याच काळात ३.३ वरून १.९ वर आला. म्हणजे अजून फरक आहे, आणि घट आपल्याकडे जास्त वेगाने झाली आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण एका बाजूचा माणूस पहिली सांगतो, दुसऱ्या बाजूचा दुसरी. मीही बैठकीत तेच केलं होतं, आणि माझा आकडा तर खराही नव्हता.

आमच्या जलशांमध्ये हमखास ऐकू येतं की अल्जेब्रा मुसलमानांनी दिला. खरं आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मींनी अल-जब्रवर पुस्तक लिहिलं, 'अल्गोरिदम' हा शब्द त्यांच्याच नावावरून आला. पण त्या पुस्तकाचा मोठा भाग कशावर आहे हे कोणी सांगत नाही. तो विरासतीवर आहे. माणूस मेला, मागे बायको, आई, दोन मुली, एक मुलगा, कर्ज, वसीयत. कोणाला किती? मुलीचा हिस्सा चुकू नये म्हणून केलेला तो हिशेब आहे. त्याच शतकातल्या अल-किंदींनी गुप्त लिपी उलगडण्यासाठी अक्षरं किती वेळा येतात ते मोजण्याची पद्धत लिहून ठेवली, आजही संख्याशास्त्राच्या इतिहासात तिचा उल्लेख होतो. या लोकांचा अभिमान सांगणं सोपं आहे. ते बसून मोजत होते, आणि मोजलेलं लिहून ठेवत होते जेणेकरून दुसऱ्याला तपासता यावं. अभिमान सांगून झाला की आपण मात्र मोजायचं काम पैसे देऊन दुसऱ्याकडे सोपवतो.

पुढच्या बैठकीत मी उभा राहून सांगितलं की मागच्या वेळचा माझा आकडा चुकला होता. कसा चुकला तेही सांगितलं, ९९ ची गोष्ट, बापांना न आठवण्याची गोष्ट. शांतता पसरली. ज्यांनी पाठ थोपटली होती त्यांच्यापैकी एकजण नाराज झाले, म्हणाले, "ये बताने की क्या जरूरत थी?" मागे बसलेले एक जण मात्र हळूच म्हणाले, "मेरे को भी याद नै था, मास्तर." त्या दिवशी पहिल्यांदा मुलींच्या शाळेवर खरी चर्चा झाली. आठवीनंतर दुसऱ्या गावाला जावं लागतं, एसटीची वेळ जुळत नाही, हे बोलणं निघालं.

ते बोलणं मला आणखी एका गोष्टीकडे घेऊन गेलं. आरसोबत सरावासाठी काही खरी माहिती आधीच दिलेली असते. त्यात अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाची १९७३ सालच्या प्रवेशांची माहिती आहे, सहा मोठ्या विभागांची, ४,५२६ अर्जदारांची. एकूण पाहिलं तर पुरुष अर्जदारांपैकी सुमारे ४५ टक्क्यांना प्रवेश मिळाला, स्त्रियांपैकी ३० टक्क्यांना. सरळ भेदभाव वाटतो. पण विभागवार पाहिलं की बहुतेक विभागांत फरक किरकोळ, आणि पहिल्या विभागात तर पुरुष ६२ टक्के आणि स्त्रिया ८२ टक्के. कारण? स्त्रियांनी जास्त अर्ज केले ते अशा विभागांत, जिथे सगळ्यांनाच प्रवेश मिळणं कठीण होतं. याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. एकत्र ढिगाचा आकडा एक सांगतो, गटांचा दुसरं.

मी माझ्या फाइलला तोच प्रश्न विचारला. धर्मानुसार फरक दिसतो, पण गावात माध्यमिक शाळा आहे की नाही, यानुसार आधी गट पाडले तर? फरक बराच कमी झाला. आपल्या वस्त्या ज्या गावांत जास्त, तिथे आठवीच्या पुढची शाळा नव्हती. फरक पूर्ण गेला नाही, तोही मी लिहिला. माझा नमुना चार गावांचा आहे, त्यावरून जालना जिल्ह्याचं काही सांगता येत नाही, हेही लिहिलं. पण 'मुसलमान मुलींना शिकवत नाहीत' आणि 'आठवीनंतर शाळा आठ किलोमीटर दूर आहे' ही दोन वाक्यं वेगळी आहेत, आणि दुसऱ्या वाक्यावर अर्ज करता येतो. तो आम्ही केला आहे.

कोणाला शिकायचं असेल तर दोन-चार गोष्टी सांगून थांबतो. आधी आर उतरवा, मग आरस्टुडिओ नावाची तिची सोयीची खिडकी, दोन्ही मोफत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे छोटे व्हिडिओ आहेत, पाहत पाहत शेजारी करून बघायचे, इंग्रजी कच्चं असेल तरी चालतं. 'स्वर्ल' नावाची एक पुरवणी आहे, ती आरच्या आतच बसून एकेक पाऊल शिकवते. पुस्तकातल्या उदाहरणांवर फार दिवस घालवू नका. आपली स्वतःची माहिती घ्या, दुकानाची उधारी असो, शाळेची हजेरी असो. ज्या आकड्यांमागची माणसं तुम्हाला ठाऊक आहेत, त्यांची चूक तुम्हाला लगेच दिसते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची मूळ माहितीही सरकारच्या संकेतस्थळावर नोंदणी करून मोफत मिळते, पण तिथे जायची घाई नको.

आणि प्रत्येक आज्ञा फाइलमध्ये लिहून ठेवा, नुसती खिडकीत टाइप करून सोडू नका. आमच्या सरांनी आता विचारलं की हा आकडा कुठून आला, तर मी ती ओळ दाखवतो. त्यांना पटलं नाही तर ते स्वतः चालवून पाहू शकतात. लाल अक्षरात चूक दाखवली की घाबरू नका, तिथे यंत्र तुम्हाला थांबवतंय. ९९ ची बेरीज करताना कुठल्याही यंत्राने मला थांबवलं नव्हतं.

अब्बांची लाल वही आता माझ्या टेबलावर असते. नवीन फॉर्म केला आहे. माहीत नसेल तिथे आडवी रेघ मारायची, एवढीच सूचना खाली लिहिली आहे.